‘हे पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही’ : ई-पुस्तकाची खरेदी अडते तेव्हा काय तपासावे

डोंबिवलीतील आमच्या वाचनालयाच्या सभासदांच्या ई-पुस्तकविषयक अडचणी सोडवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्यांत सर्वाधिक वेळा समोर आलेली अडचण एकच आहे: पुस्तक दुकानात दिसते, वाचक पैसे द्यायला तयार असतो, आणि तरीही दुकान ते पुस्तक त्याला विकत नाही. आमचे बरेच सभासद वर्षातले पाच-सहा महिने मुलांकडे, न्यू जर्सीला किंवा लंडनला राहतात. तिकडे गेल्यावर त्यांना मराठी पुस्तके मिळत नाहीत आणि इकडे परतल्यावर तिकडे पाहिलेली इंग्रजी पुस्तके मिळत नाहीत. ज्याला चोरून वाचायचे नाही, रीतसर पैसे मोजायचे आहेत, त्याच वाचकाला दारातून परत पाठवले जावे याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच हे सगळे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

लक्षणे

वरवर सारख्या दिसणाऱ्या तक्रारींमागे वेगवेगळी कारणे असतात, म्हणून दुकान नेमके काय म्हणते ते शब्दशः लिहून घ्यावे किंवा पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे. पुस्तक शोधात दिसते, पण खरेदीचे बटणच नसते, हे एक लक्षण. बटण असते, पण ते दाबल्यावर ‘हे पुस्तक तुमच्या देशात किंवा प्रदेशात विक्रीस उपलब्ध नाही’ असा संदेश येतो, हे दुसरे. किंमत रुपयांऐवजी डॉलरमध्ये दिसते आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर व्यवहार नाकारला जातो, हे तिसरे. नातवाच्या फोनवर जे पुस्तक विकत घेता येते ते आजोबांच्या फोनवर दिसतसुद्धा नाही, हे चौथे. आणि पूर्वी रीतसर घेतलेले पुस्तक देश बदलल्यानंतर पुन्हा उतरवून घेता येत नाही, हे पाचवे, आणि सर्वांत क्लेशकारक.

यांपैकी दुसरे लक्षण बहुधा खऱ्या प्रादेशिक बंधनाचे असते. पहिले, तिसरे आणि चौथे यांचे मूळ पुष्कळदा दुसरीकडेच सापडते, आणि तिथे देशाची सेटिंग बदलणे म्हणजे पोटदुखीवर डोळ्यांत थेंब घालण्यासारखे आहे.

तपासणीला बसण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ई-पुस्तकाच्या खरेदीत ‘देश’ पाच निरनिराळ्या ठिकाणी नोंदलेला असतो: तुम्ही ज्या इंटरनेट जोडणीवर बसला आहात तिचा देश, तुम्ही उघडलेल्या दुकानाच्या शाखेचा देश, तुमच्या खात्याचा देश, तुमच्या कार्डाचा देश, आणि त्या पुस्तकाचे विक्रीहक्क ज्या देशांसाठी दिले गेले आहेत ते देश. पहिल्या चार ठिकाणची गफलत घरबसल्या दुरुस्त होते. पाचव्या ठिकाणी आपण विनंती करू शकतो, दुरुस्ती नाही. खालच्या सगळ्या तपासण्या या पाचांपैकी नेमका कोणता देश जुळत नाही हे शोधण्यासाठी आहेत, आणि त्या बिनखर्चाच्या व बिनजोखमीच्या तपासण्यांपासून सुरू होतात.

आधी ब्राउझर, मग बाकीचे

मोबाइलवरील ॲप बंद करावे आणि तेच दुकान ब्राउझरमध्ये उघडावे. अनेक दुकाने ॲपमधून ई-पुस्तके विकतच नाहीत, कारण ॲपमधील विक्रीवर फोनची प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला दलाली द्यावी लागते. ॲपमध्ये बटण दिसत नाही म्हणून ‘पुस्तकावर बंदी आहे’ असा समज करून घेतलेले पुष्कळ सभासद मी पाहिले आहेत. ब्राउझरमध्ये पुस्तक विकत घेतले की ते ॲपमध्ये आपोआप येते, आणि हे तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

त्याच वेळी पत्त्याच्या पट्टीकडे नजर टाकावी. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा बहुधा त्यांच्या देशातील शाखेचा असतो. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट कॉम’ आहे की ‘डॉट इन’ हे पाहावे आणि तेच पुस्तक आपल्या शाखेत नव्याने शोधावे. भारतात किंडलचे, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांचे, दुकान ऑगस्ट २०१२ पासून आहे आणि तिथली यादी अमेरिकेतील यादीपेक्षा वेगळी आहे. त्यामुळे तिकडचा दुवा इकडे अडला, याचा अर्थ पुस्तक इकडे नाही असा होत नाही.

कार्यालयाच्या लॅपटॉपवर किंवा सुरक्षेसाठी घेतलेल्या एखाद्या ॲपमुळे फोनवर व्हीपीएन (आपली इंटरनेट जोडणी दुसऱ्या देशातून आल्यासारखी दाखवू शकणारी सोय) सुरू असेल, तर ते बंद करून पाहावे. आपण ठाण्यात बसलेलो असतो आणि दुकानाला मात्र सिंगापूरहून कोणी आल्यासारखे दिसते. हे कारण क्वचितच निघते, पण तपासायला काहीच पडत नाही म्हणून ते आधी पाहून घ्यावे.

त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती

एकाच इंग्रजी पुस्तकाची अमेरिकेत एक, ब्रिटनमध्ये दुसरी आणि भारतीय उपखंडासाठी तिसरी आवृत्ती असू शकते. प्रकाशक वेगळा, मुखपृष्ठ वेगळे, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळा आणि क्वचित शीर्षकही वेगळे. म्हणून शीर्षकाऐवजी लेखकाच्या नावाने शोधावे आणि त्याची पूर्ण यादी वरून खालपर्यंत पाहावी. प्रकाशनाची तारीखही पाहावी, कारण तिकडे प्रसिद्ध झालेले पुस्तक इकडे काही महिन्यांनी यायचे असते आणि तोवर दुकान तोच कोरडा ‘उपलब्ध नाही’ संदेश दाखवते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत शोधाची आणखी एक गोम आहे. किंडलवर मराठी पुस्तकांचा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला, पण पुस्तकाची माहिती भरणाऱ्याने शीर्षक देवनागरीत लिहिले की रोमन लिपीत, ऱ्हस्व-दीर्घ कसे दिले, लेखकाचे आडनाव आधी घातले की नंतर, यावर ते शोधात सापडणे न सापडणे ठरते. माझी पद्धत अशी: आधी देवनागरी शीर्षक, मग केवळ लेखकाचे आडनाव देवनागरीत, मग तेच रोमन लिपीत, आणि शेवटी प्रकाशकाचे नाव. वाचनालयात ‘नाही’ म्हणून आलेली कितीतरी पुस्तके या चौथ्या प्रयत्नात सापडली आहेत.

खाते कोणाचे आणि कोणत्या देशाचे

इथून पुढे हलक्या हाताने काम करावे. आधी फक्त पाहावे, काहीही बदलू नये.

वाचनयंत्र कोणाच्या खात्याशी जोडलेले आहे, हा पहिला प्रश्न. मुलाने वाढदिवसाला भेट दिलेले यंत्र बहुधा मुलाच्याच खात्यावर नोंदवलेले असते. ते डोंबिवलीत आले तरी त्याचे दुकान न्यू जर्सीचेच राहते. अशा वेळी वडिलांच्या नावाचे स्वतंत्र भारतीय खाते काढून यंत्र त्यावर नोंदवणे हा स्वच्छ उपाय आहे. मात्र आधीच्या खात्यावरील पुस्तके यंत्रावरून जातात आणि त्या खात्यातच राहतात, हे आधी सांगून ठेवावे. एका काकांना ते माहीत नव्हते आणि अर्धी वाचलेली कादंबरी नाहीशी झाल्याने ते दोन दिवस अस्वस्थ होते.

खात्याचा देश हा घरपोच वस्तू पाठवण्याच्या पत्त्याहून वेगळा नोंदवलेला असतो. किंडलसाठी तो ‘मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हाइसेस’ या पानावरील ‘प्रेफरन्सेस’ भागात ‘कंट्री/रीजन सेटिंग्ज’ या नावाखाली सापडतो. तुम्ही कायमचे देशांतर केले असेल आणि इथे जुना देश असेल, तर तो बदलणे योग्यच आहे. पण सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी तो बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो, बदल लागू व्हायला ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि जुन्या देशातील शिल्लक रक्कम नव्या देशात चालत नाही. ॲपलच्या खात्यात देश बदलण्यापूर्वी शिल्लक संपवावी लागते, चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात आणि नव्या देशातील पैसे भरण्याचे साधन द्यावे लागते. शिवाय जुन्या देशात घेतलेले एखादे पुस्तक नव्या देशाच्या दुकानात नसेल, तर ते पुन्हा उतरवता येईलच असे नाही. पाचव्या लक्षणाचे मूळ इथे आहे. म्हणून बदल करायचाच असेल, तर आधी सगळी पुस्तके यंत्रावर पूर्ण उतरवून घ्यावीत, कोणती वर्गणी चालू आहे ते पाहावे आणि मगच पुढे जावे.

एका सभासद मावशींनी एकच पुस्तक मिळवण्यासाठी एका आठवड्यात तीन वेळा देश बदलला. दुकानाने संशयास्पद हालचाल म्हणून खातेच गोठवले आणि आधीची साठ-सत्तर पुस्तके तीन आठवडे बंद राहिली. पुस्तक शेवटी भारतीय शाखेतच, दुसऱ्या प्रकाशकाच्या नावावर सापडले.

कार्ड

तिसऱ्या लक्षणात, म्हणजे पैसे भरताना अडते तेव्हा, दोष पुस्तकाकडे नसून बँकेकडे असण्याची शक्यता मोठी असते. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार, नव्याने दिली जाणारी कार्डे मुळात फक्त देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांसाठी सुरू असतात. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या नियंत्रणात आंतरराष्ट्रीय व्यवहारांची खूण बंद असेल, तर डॉलरमधील दीडशे रुपयांचे पुस्तकसुद्धा नाकारले जाते. ती खूण सुरू करावी, मर्यादा पुस्तकापुरती ठेवावी आणि खरेदी झाल्यावर पुन्हा बंद करावी. वर्गणी सुरू करायची असेल, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दरमहा आपोआप पैसे वळते होण्यासाठी बँकेकडे वेगळी संमती नोंदवावी लागते, आणि बँक किंवा दुकान त्यासाठी सज्ज नसेल तर वर्गणी पहिल्याच पायरीवर अडते. एकेका पुस्तकाची खरेदी मात्र तरीही होऊ शकते.

परदेशी गेलेल्यांच्या बाबतीत ओटीपीची एक विशेष अडचण आहे. न्यू जर्सीहून एका सभासदांनी कळवले की भारतीय खाते आहे, भारतीय कार्ड आहे, आंतरराष्ट्रीय व्यवहारही सुरू केले आहेत, पण पुस्तक काही घेता येत नाही. बराच वेळ बोलल्यावर उलगडा झाला: तिकडे जाताना त्यांनी तिथले सिम घेतले होते आणि भारतीय सिम जुन्या फोनसह डोंबिवलीच्या घरी, कपाटातल्या खणात ठेवले होते. ओटीपी प्रत्येक वेळी येत होता, पण तो बंद खणातल्या फोनवर. म्हणून जाण्यापूर्वी भारतीय क्रमांकावर रोमिंगमध्ये संदेश येण्याची सोय करावी, किंवा निघण्याआधीच खात्यात भेटकार्डाची रक्कम भरून ठेवावी. भेटकार्डही त्याच देशातील शाखेचे असावे लागते, हे विसरू नये.

एक सूचना आवर्जून करतो: पैसे दोनदा नाकारले गेल्यावर तिसरा प्रयत्न करू नये. वारंवार अपयशी ठरलेले व्यवहार पाहून बँक कार्डच रोखते, आणि मग पुस्तक राहते बाजूला.

हक्कच दिलेले नसतील तर

वरचे सगळे जुळूनही तोच संदेश आला, तर अडचण पाचव्या ठिकाणी आहे. घरातील एखादे इंग्रजी पेपरबॅक उलटे करून पाहा: मलपृष्ठावर, बारकोडच्या आसपास, बारीक अक्षरांत ‘फॉर सेल इन द इंडियन सबकॉन्टिनेंट ओन्ली’ असे पुष्कळदा छापलेले असते. तीच ओळ ई-पुस्तकालाही, न छापता, चिकटलेली असते. लेखक किंवा त्याचा प्रतिनिधी प्रत्येक प्रदेशाचे हक्क वेगळ्या प्रकाशकाला विकू शकतो. ब्रिटिश प्रकाशकांनी १९४७ मध्ये आपसांत करार करून राष्ट्रकुलाची बाजारपेठ स्वतःकडे राखली होती. अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यानंतर १९७६ मध्ये तो करार संपला, पण प्रदेशवार हक्क विकण्याची रीत राहिली. छापील प्रत प्रवाशाच्या सामानातून सीमा ओलांडते, ई-पुस्तकाला मात्र दुकान प्रत्येक विक्रीला अडवू शकते, इतकाच काय तो फरक.

प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, मुदतही देशागणिक बदलते. सानेगुरुजी आणि जॉर्ज ऑर्वेल हे दोघेही १९५० मध्ये वारले. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार राहतो, त्यामुळे दोघांचीही हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके इथे १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहेत. अमेरिकेत मात्र त्या काळातील परदेशी पुस्तकांना साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण आहे. म्हणजे १९३५ मध्ये निघालेले पुस्तक तिथे १ जानेवारी २०३१ रोजी मुक्त होते. एकच पुस्तक पुण्यात सर्वांचे आणि न्यू जर्सीत बंद, याचे कारण हे आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या, कारण त्या विकणाऱ्याकडे तिथले हक्क नव्हते. कंपनीने नंतर जाहीर माफी मागितली. दुकाने या बाबतीत इतकी कडक का असतात, हे त्या घटनेवरून समजते.

मराठी पुस्तक परदेशात मिळत नसेल, तर प्रकाशकाला जरूर लिहावे, कारण इथे पुष्कळदा हक्कांचा वाद नसतोच. किंडलवर पुस्तक चढवताना ‘सर्व प्रदेश’ आणि ‘निवडक प्रदेश’ असे दोन पर्याय असतात. पुण्यातील एका प्रकाशकाकडे विचारणा केली तेव्हा आढळले की चढवणाऱ्याने फक्त भारतावर खूण केली होती. ती बदलली आणि काही दिवसांत तेच पुस्तक लंडनमधील वाचकाला मिळाले. पत्रात पुस्तकाचे नाव, आयएसबीएन, दुकान, तुमचा देश आणि पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र एवढेच द्यावे. रागाने लिहिलेले चार परिच्छेद कोणी वाचत नाही. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत उत्तर यायला वेळ लागतो, आणि त्याला कारण आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार करारात प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, त्या करारातून मिळत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पानी करारात ई-पुस्तक कुठून असणार? प्रकाशकाला वारसांची नवी संमती मिळवावी लागते, आणि वारस तीन शहरांत विखुरलेले असतात.

तोवर वाचायचे काय? मराठीपुरते बोलायचे, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, मराठी विश्वकोश पूर्ण खुला आहे, आणि ई-साहित्य प्रतिष्ठान व मराठी विकिस्रोत यांवरील साहित्यालाही देशाची अट नाही. बुकगंगासारखे मराठी दुकानही मोठ्या परदेशी दुकानाच्या आधी तपासून पाहावे. आणि नेमके तेच पुस्तक हवे असेल, तर छापील प्रत मागवणे किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आणवणे हा आजही खात्रीचा मार्ग आहे.

कुठे थांबावे

व्हीपीएन लावून आणि खोटा पत्ता देऊन परक्या देशाचे दुकान वापरण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो देत नाही. दुकान खात्याचा आणि कार्डाचाही देश पाहते, त्यामुळे तो उपाय टिकत नाही. शिवाय त्यात दुकानाच्या अटींचा भंग होतो आणि एका पुस्तकापायी सगळा संग्रह गमावण्याची वेळ येऊ शकते. पुस्तकाची नक्कल रोखणारे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्या साधनांपासूनही दूर राहावे. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

खाते गोठवले गेले, पैसे कापले गेले पण पुस्तक आले नाही, किंवा दोन देशांतील जुनी खाती एकमेकांत अडकली, तर स्वतःचे प्रयोग तिथेच थांबवावेत आणि दुकानाच्या ग्राहक सेवेशी बोलावे. हा संपर्क दुकानाच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊनच करावा. शोधयंत्रावर ‘कस्टमर केअर’ म्हणून सापडणाऱ्या क्रमांकांवर कधीही फोन करू नये, आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. असा कोणाला चुकून दिला गेलाच आणि पैसे गेले, तर त्याच क्षणी बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. तुम्ही स्वतः लेखकाचे वारस असाल आणि ई-पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत हेच कळत नसेल, तर मूळ करारपत्र घेऊन प्रताधिकाराचे काम करणाऱ्या वकिलाकडे जावे. दुकान किंवा प्रकाशक यांपैकी कोणीही तो प्रश्न तुमच्यासाठी सोडवून देणार नाही.